गाठीतली पेशी परभणीतच बघू द्या

गायीच्या खांद्याच्या पुढे, कातडीखाली, एक लसिका गाठ असते. निरोगी जनावरात ती बोटांनी शोधावी लागते. थायलेरिया झाला की तीच गाठ लिंबाएवढी, कधी संत्र्याएवढी होते आणि गोठ्याच्या दारातूनच नजरेत भरते. पशुवैद्यक म्हणून मी परभणी जिल्ह्यात 31 वर्षं काढली. या गाठीवर हात ठेवावा लागला नाही, असा एकही उन्हाळा मला आठवत नाही.

1996 च्या जून महिन्यातली एक गाय मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका वस्तीवर एक मावशी राहायच्या. नवरा गेलेला, दोन पोरं शाळेत, आणि कर्ज काढून घेतलेली एक संकरित गाय. दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर दूध निघायचं, त्यावर घर चालायचं. मला निरोप मिळाला तेव्हा गाय तापून दोन दिवस झाले होते आणि कुणीतरी प्रतिजैविकाची दोन इंजेक्शनं देऊन गेलं होतं. "खाईना झालीय डॉक्टर, रवंथ बी करीना. कामून झालं असंल असं?" मावशी एवढंच विचारत होत्या. थर्मामीटर 106 दाखवत होता. कानामागे, कासेपाशी, शेपटीच्या बुडाशी गोचीड. खांद्यापुढची गाठ टम्म फुगलेली.

मी गाठीत सुई घातली, आतला थेंबभर रस काचेवर पसरला, वाळवला आणि दवाखान्यात आलो. तिथल्या सूक्ष्मदर्शकाची भिंगं बुरशीने धुरकटली होती, शंभराच्या भिंगाखाली नुसता जांभळा ढग दिसत होता. काच रुमालात गुंडाळून शेवटच्या एसटीने परभणी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी निदान झालं. नेमकं औषध, म्हणजे बुपारव्हाक्वोन, घेऊन वस्तीवर पोहोचायला दुपार झाली. गाय तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. शंका मला पहिल्या मिनिटालाच आली होती, हे खरं आहे. पण औषध महाग होतं, मावशींच्या घरात पैसा नव्हता, आणि न बघता ते द्यायचं की नाही या विचारात माझा एक दिवस गेला. तो दिवस त्या गायीकडे नव्हता.

त्या काचेवर काय दिसलं ते सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुढे जाणार नाही. गाठीतल्या पेशी म्हणजे शरीराचं सैन्य, आपण ज्यांना पांढऱ्या पेशी म्हणतो त्या. त्यांच्या पोटात, केंद्रकाच्या बाजूला, निळसर-जांभळ्या ठिपक्यांचा पुंजका होता. 1898 च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांनी पूर्व आफ्रिकेतल्या गुरांमध्ये असे पुंजके पाहिले, म्हणून पशुवैद्यक त्यांना आजही कॉखचे निळे पुंजके म्हणतात. तो पुंजका म्हणजेच परजीवी, आपल्याकडे थायलेरिया ॲन्युलाटा. गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत दडलेली गोचीड चावते, तिच्या लाळेतून हा जीव गायीत शिरतो आणि थेट संरक्षक पेशीतच घर करतो. ज्याने चोर पकडायचा त्याच्याच घरात चोर राहायला येतो. आणि तो गप्प बसत नाही. पेशीला सतत विभागायला लावतो, एकीच्या दोन, दोनाच्या चार, जवळजवळ कर्करोगासारखं. गाठ फुगते ती त्यामुळे.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ही गोष्ट जिवंत पेशींत पाहिली आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केली. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि गुणसूत्रांची दोन बाजूंना वाटणी करतो. थायलेरिया त्याच सांगाड्याला चिकटून बसतो आणि पेशीबरोबर आपलीही वाटणी करून घेतो. दोन्ही लेकी पेशींच्या वाट्याला तो येतो, त्याला एकदाही बाहेर पडावं लागत नाही. मी हे वाचलं तेव्हा नोकरीतली बरीच वर्षं झाली होती. हजारो काचा पाहिल्या होत्या, पुंजका ओळखायला मला दोन सेकंद पुरायचे. तरी तो वाटला कसा जातो, हे मला ठाऊक नव्हतं. असणार कसं? माझी प्रत्येक काच मेलेली होती. रस वाळवायचा, मेथनॉलमध्ये बुडवायचा, गीम्साचा रंग चढवायचा, मग बघायचं. चालत्या माणसाचा फोटो काढून तो कुठे निघाला होता हे विचारण्यासारखं ते आहे.

जिवंत पांढरी पेशी मी पहिल्यांदा विद्यार्थी असताना पाहिली. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 सालचं, कृषी विद्यापीठाबरोबरच सुरू झालेलं. मी ऐंशीच्या दशकात तिथे शिकलो. विकृतिशास्त्राच्या आमच्या सरांनी एकदा तासानंतर चौघांना थांबवून घेतलं. स्वतःच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, कडेने व्हॅसलीन लावलं. मेचा महिना होता, खोलीच अंगाएवढी तापलेली, त्यामुळे काच वेगळी गरम करावी लागली नाही. तांबड्या पेशी ढकलाढकली करत होत्या आणि त्यांच्यामधून एक पारदर्शक, दाणेदार पेशी अंग पुढे ताणत, मागचं ओढून घेत सरकत होती. कुणी ढकलत नव्हतं, तीच चालली होती. आम्ही आळीपाळीने तासभर बघत बसलो. त्या दिवसापर्यंत प्रतिकारशक्ती हा माझ्यासाठी परीक्षेत येणारा शब्द होता.

ही भटकी पेशी कशासाठी फिरते, हे उमगलं तेही असंच भिंगातून. 1882 साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी समुद्रताऱ्यांच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांचा अभ्यास करत होता. त्याने एका पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तर भटक्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला. त्यासाठी आणि पुढच्या कामासाठी 1908 मध्ये त्याला पॉल अर्लिक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

त्यानंतर शंभरेक वर्षं शरीराच्या आतली पेशी मात्र बंद खोलीतच राहिली. थेंब काचेवर घेता येतो, गाठ घेता येत नाही. उजेड आत शिरत नाही, शिरला तरी विखुरतो, आणि प्रखर उजेडाने पेशीच भाजून मरते. 1990 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी यावर तोड काढली. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अतिशय आखूड ठोके द्यायचे. हा प्रकाश खोल जातो, आणि जिथे तो एका बिंदूत एकवटतो तिथलीच रंगवलेली पेशी चमकते, आजूबाजूच्या पेशींना झळ लागत नाही. 2002 मध्ये याच तंत्राने उंदराच्या लसिका गाठीच्या आत पाहिलं गेलं. तोवरचा समज असा होता की गाठीत पेशी दाटीवाटीने बसून असतात. प्रत्यक्षात टी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, अखंड चालत होत्या, मिनिटाला 10 ते 12 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशीचं स्वतःचं अंग सात-आठ मायक्रॉनचं, म्हणजे दर मिनिटाला ती आपल्या अंगापेक्षा जास्त अंतर कापत होती. वाटेत भेटेल त्या पेशीला चाचपायची, ओळख पटली नाही की पुढे जायची.

ज्या गाठीवर मी आयुष्यभर हात ठेवला, तिच्या आत ही वर्दळ चालू होती.

पुण्यात जीवशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला एकदा 2018 सालचं एक चित्रण दाखवलं. एरिक बेट्झिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्राफिश नावाच्या माशाच्या पिलाच्या कानात फिरणारी संरक्षक पेशी टिपली होती. कागदासारखा पातळ प्रकाशाचा पडदा बाजूने टाकायचा आणि एकेक थर टिपत जायचा, अशी ती पद्धत. पेशी चालता चालता भोवती पडलेले साखरेचे निळे कण गिळत होती. भाची म्हणाली, "मामा, पुण्यातल्या संस्थांमध्ये अशी यंत्रं आहेत. तुम्ही या एकदा बघायला." खरंच आहेत. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहेत, पाषाणच्या आयसरमध्ये आहेत. देशातली महागडी उपकरणं इतरांना वापरता यावीत म्हणून आय-स्टेम नावाचं सरकारी संकेतस्थळही 2020 पासून आहे. परभणीतून अर्ज भरता येतो.

पण परभणीतून पेशी जात नाही. रक्तातली ती चालणारी दाणेदार पेशी, न्यूट्रोफिल, शरीरात असतानाच जेमतेम दिवसभर रक्तात फिरते. रक्त नळीत आलं की काही तासांत तिची धाव मंदावते. लिंफोसाइट, म्हणजे गाठीतल्या पांढऱ्या पेशी, थोड्या जास्त टिकतात, पण त्याही प्रवासात बदलतात. सोनपेठच्या किंवा पालमच्या गोठ्यात दुपारी घेतलेला नमुना परभणी स्टेशनवर आणायचा, रात्रीच्या गाडीने पुण्याला पाठवायचा, सकाळी कुणीतरी तो उतरवून घ्यायचा. मेचा उन्हाळा, 43-44 अंश. तिथे भिंगाखाली जाईल ती आजारी गायीची पेशी नसेल, प्रवासाने मरगळलेली पेशी असेल. वाळवलेली काच पोस्टाने पाठवता येते, चालणारी पेशी पाठवता येत नाही. ती जिथे आहे तिथेच बघावी लागते.

म्हणून माझी मागणी आहे की जिवंत पेशी बघण्याचं केंद्र परभणीत हवं. या शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तिघांनी मिळून एक खोली चालवावी. सुरुवातीला कोटींचं यंत्र मी मागत नाही. खालून बघणारा, चमकत्या रंगांवर चालणारा सूक्ष्मदर्शक, पेशी 37-38 अंशांवर ठेवणारी पेटी, चांगला कॅमेरा, आणि वीज गेली तरी चालू राहील अशी बॅटरीची सोय. एवढ्यावर थायलेरिया झालेली पेशी तासन्‌तास विभागताना पाहता येते. हे लाखांतलं काम आहे. खोल गाठीत बघणारं मोठं यंत्र पुढच्या टप्प्यात यावं, पण ते येणार हे आजच ठरावं. आणि यंत्राआधी माणूस नेमावा. भिंगांवर बुरशी चढते ती यंत्राला वाली नसल्यामुळे.

निवृत्तीनंतरही ज्यांच्याशी रोज बोलणं होतं असे माझे एक जुने सहकारी यावर चिडतात. त्यांचं म्हणणं, गावच्या दवाखान्यात माणसं नाहीत, कुठे साधा सूक्ष्मदर्शक नाही, आणि तुम्हाला पेशींचा सिनेमा बघायचाय. त्यांचा राग खरा आहे. 1996 ची गाय धुरकट भिंगामुळे गेली, जिवंत पेशी न पाहिल्यामुळे नाही, हे मला त्यांच्याइतकंच कळतं. गावच्या दवाखान्यात चालू सूक्ष्मदर्शक आणि तो बघणारा माणूस ही पहिली गरज आहे आणि त्यावर माझा वाद नाही. पण एक झाल्यावर दुसरं, असं म्हणत आपण पन्नास वर्षं काढली, आणि दोन्ही झालं नाही. ज्या जिल्ह्यात कुणी खोल बघत नाही तिथे वरवर बघण्याचीही सवय मोडते. सरांनी तासभर ती पेशी दाखवली नसती, तर काचा बनवण्याचा माझा हट्ट 31 वर्षं टिकला नसता.

आणि परभणीतच बघावं असा एक प्रश्न आपल्या गोठ्यात उभा आहे. थायलेरिया संकरित गायीला जितका झोडपतो तितका देशी गायीला नाही, हे इथला कोणताही जुना शेतकरी सांगेल. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना मुद्दाम या रोगाची लागण करून तुलना केली. साहिवाल वासरांना ताप कमी आला, परजीवी कमी वाढला, ती सावरली. फरक संरक्षक पेशींच्या वागण्यात असावा, अशा दिशेने त्यांचं काम गेलं. साहिवाल आपल्या उपखंडातली गाय. तिच्या पेशी एडिनबरोत पाहिल्या गेल्या. मग लाल कंधारीचं काय? देवणीचं काय? नांदेड, परभणी, लातूरच्या या जनावरांच्या पेशीत थायलेरिया शिरतो तेव्हा नेमकं काय घडतं? ती पेशी परजीवीला विभागणीत वाटा देते की अडवते? हे विचारायला पुण्याच्या आणि मुंबईच्या प्रयोगशाळांना कारण नाही, त्यांच्या दारात लाल कंधारी बांधलेली नाही. आपल्या दारात आहे.

दुसरी काळजी औषधाची. बुपारव्हाक्वोन लागू पडलं की परजीवी मरतो आणि बेफाम विभागणारी पेशी पुन्हा ताळ्यावर येते. ट्युनिशिया, इराण आणि सुदानमध्ये मात्र या औषधाला न जुमानणारा थायलेरिया सापडला आहे. उद्या तो आपल्याकडे आला, तर कळणार कसं? गाय मेली म्हणून? काढलेल्या पेशीवर औषध टाकून परजीवी मरतो की नाही हे डोळ्यांनी बघता येतं, फक्त पेशी जिवंत हवी. प्रतिबंधक लस आपल्या देशात बनते, तीही कशाची, तर प्रयोगशाळेत वाढवून दुबळ्या केलेल्या थायलेरियाग्रस्त पांढऱ्या पेशींचीच. रेतनाच्या कांड्या ठेवतात तशा द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ती ठेवावी लागते, म्हणून खेड्यापर्यंत फार थोडी पोहोचते.

रोग असतो तिथे प्रयोगशाळा न्यायची, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला. मांडवीत तो पहिल्यांदा ओळखला डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात ते मेचनिकॉव्हचे, त्या गुलाबाच्या काट्याच्या माणसाचे विद्यार्थी होते, आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होते. त्यांनी प्लेगचे नमुने पॅरिसला पाठवून वाट पाहिली नाही. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी प्रयोगशाळा मांडली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यातून उभी राहिली. परभणीच्या तीन संस्थांकडे हाफकिनपेक्षा जास्त जागा आहे, जास्त माणसं आहेत, आणि रोग उंबऱ्यावर आहे.

त्या खोलीचं दार शाळांनाही उघडं असावं, एवढी एक भर मला घालायची आहे. सेलू-मानवतच्या आठवीच्या पोराने स्वतःच्या रक्तातली पेशी एकदा चालताना पाहिली, तर त्याच्या घरी जखमेवर राख लावायची की नाही याचं उत्तर तो स्वतः देईल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक गोपालकाला मी हात जोडून सांगतो. गायीच्या अंगावर गोचीड असेल, ताप 104 च्या वर असेल, खाणं सुटलं असेल, तर आधी तिच्या खांद्यापुढची गाठ दोन्ही बाजूंनी हाताने चाचपा. सुजलेली लागली तर पहिल्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांकडे काच मागा. "गाठीतला रस काढा, काच बनवा आणि मला दाखवा," असं स्पष्ट म्हणा. काच बनवायला दहा मिनिटं लागतात, रंग चढायला अर्धा-पाऊण तास. आजारी गायीकडे एवढा वेळ पहिल्या दिवशी नक्की असतो.